वेखंडाचा सुंठवडा

मागच्या वर्षीची रामनवमी. आमच्याकडे दुपारी बाराला रामजन्म होतो, पाळणा म्हणून झाला की सुंठवडा वाटतात, आणि सुंठवडा करायचा तो आईंनीच, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. लग्न करून इंदूरला आले त्याला चोवीस वर्षं झाली, पण त्या कामात मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी. सुंठ घरी कुटायची, वस्त्रगाळ करायची, सुकं खोबरं मंद आचेवर भाजायचं, खसखस, पिठीसाखर, वरून वेलदोड्याची पूड. राजेंद्र नगरमधल्या आमच्या गल्लीतली निम्मी मराठी घरं त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये असतात.

प्रसाद तोंडात टाकला आणि धाकट्या काकूंनी एकदम माझ्याकडे बघितलं. मग जाऊबाईंनी बघितलं. खालच्या मजल्यावरचं छोटं पोर तर थू थू करत बेसिनकडे पळालं. मी चिमूटभर जिभेवर ठेवलं, आधी कडू लागलं आणि मग तो वास नाकात चढला, बाळंतिणीच्या खोलीतला, रेशमी साड्यांच्या कपाटातला. वेखंड! सुंठेच्या जागी वेखंडाची पूड पडली होती.

"काय झालं? सुंठच आहे ती," आई म्हणाल्या. डबा उघडून नाकाशी नेला, दोनदा वास घेतला, आणि परत तेच, "सुंठच आहे गं."

आता दोन्ही पुडी दिसायला सारख्याच, मातकट पिवळसर, त्यामुळे डोळ्यांची चूक कोणाचीही होऊ शकते, पण वासाची नाही, आणि आईंची तर नाहीच नाही. पुडा उघडायच्या आधी ज्या सांगायच्या की सेव कालच्या तेलात तळलेली आहे, भावजींना दारातून आत येताना ज्या म्हणायच्या "पाऊस लागला का रे तुला, ओल्या लोकरीचा वास येतोय," त्या बाई. आम्ही सगळ्यांनी मोतीबिंदूवर खापर फोडलं, मी डब्यांना मोठ्या अक्षरात लेबलं लावली, आणि विषय संपवला. संपवायला नको होता.

आईंचं नाक आणि हात हे आमच्या गल्लीत प्रसिद्ध कशाने, तर बाळगुटीने. सागवानी पेटी आहे त्यांची, सोळा कप्प्यांची. मुरडशेंग, हळकुंड, सुंठ, बदाम, खारीक, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, अतिविष, बाळहिरडा, डिकेमाली, नागरमोथा आणि वेखंड, बाकीच्या दोन कप्प्यांत सहाण पुसायची फडकी. माझ्या लेकीच्या वेळी मी रोज सकाळी शेजारी बसून बघायचे. सहाणेवर दुधाचे दोन थेंब, मग एकेक मुळी घेऊन गोल फिरवायची, त्या एका फेरीला वळसा म्हणायचं. बाळ किती महिन्यांचं, शी कशी झाली, रात्री झोपलं का, हे विचारल्याशिवाय पेटी उघडायची नाही. पोट बिघडलं असेल तर बदाम-खारीक बंद. वेखंडाचा अर्धाच वळसा, कधी कधी तर नुसता टेकवल्यासारखा. मी एकदा म्हटलं की आई थोडं जास्त उगाळू का, चांगलंच आहे ना, तर म्हणाल्या, "औषध वळशाने द्यायचं असतं, ओंजळीने नाही." (आता डॉक्टर सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका सांगतात, तर आई नव्या पोरींना तेच सांगायला लागल्या होत्या, हट्ट नव्हता त्यांचा.)

रामनवमीनंतर दोन-अडीच महिन्यांनी शेजारची एक मुलगी तिचं आठ महिन्यांचं बाळ घेऊन आली, सर्दी झालीये म्हणून. आईंनी पेटी काढली, हळकुंड उगाळलं, ठेवलं. मग परत हळकुंड घेतलं. मग परत. "कितवा महिना गं बाळाला?" हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी आईंच्या हातातून हळकुंड घेतलं. त्यांनी काहीच विरोध केला नाही, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो तेव्हा तारीख, वार, घड्याळाचं चित्र, पाच शब्द सांगून पुन्हा विचारणं हे सगळं झालं, आणि मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "वास येतो का यांना नीट?" मला सुंठवडा आठवला. डॉक्टर म्हणाले की अल्झायमरमध्ये मेंदूच्या ज्या भागांना सुरुवातीलाच धक्का बसतो त्यात वासाशी संबंधित भाग असतात, आठवणी नोंदवून घेणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे शेजारीच ते. म्हणजे वास गेला की अल्झायमर झाला असं अजिबात नाही, सर्दीने जातो, कोविडने जातो, वयाने कमी होतो, पण बाकीच्या खुणा असतील तेव्हा तीही एक खूण धरतात. आम्ही चार महिने लेबलं लावत बसलो होतो.

बातमी नातेवाइकांत पसरली आणि घरात बाटल्या यायला लागल्या. देवासच्या काकांनी ब्राह्मीचं सरबत पाठवलं, नणंदेने पुण्याहून कॅप्सूल्स, भाचेसुनेने शंखपुष्पीचं सिरप, समोरच्या आजींनी मालकांगणीच्या तेलाची छोटी शिशी दिली, रोज बत्ताशावर दोन थेंब म्हणाल्या, नीमचकडच्या एका पाहुण्यांनी तर अश्वगंधाची मुळंच पिशवीभर आणली, तिकडे नीमच-मंदसौर पट्ट्यात शेतात पिकते ना ती, इकडे असगंध म्हणतात. सगळ्यांची माया खरी होती. मला कोणाचंही मन मोडायचं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही काहीतरी हातात हवं होतं, कारण डॉक्टर म्हणाले होते की आईंना झालेला हा अल्झायमर उलटा फिरत नाही, आणि ते ऐकून घरी आलेलं माणूस नुसतं बसून राहू शकत नाही.

मी शाळेत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. म्हणून ठरवलं की प्रत्येक बाटलीवर जे नाव आहे त्याच्याबद्दल वाचायचं, नीट, रात्री सगळं आवरलं की तासभर. पण त्याच्या आधीच एक चूक करून बसले होते ती सांगते.

सियागंजच्या बाजारात गेले होते ब्राह्मी आणायला. दुकानदार म्हणाला, "कौन-सी दूँ भाभी? गोल पत्ती वाली कि छोटी पत्ती वाली?" मी म्हटलं ब्राह्मी द्या. तो म्हणाला, दोनों ब्राह्मी ही है. मी गोल पानाची घेतली, कारण आमच्या गच्चीवरच्या कुंडीत तीच आहे, आई तिलाच ब्राह्मी म्हणतात, माझी पुण्याची आईही तिलाच म्हणते. कुंडीतली ताजी पानं खुडून मी रोज सकाळी अर्धी वाटी रस काढून आईंना द्यायला लागले. नवव्या दिवशी त्यांना जुलाब, गळून गेल्या, बाथरूममध्ये भोवळ आली. पडल्या नाहीत हे नशीब. अर्धी वाटी! ओंजळीने नाही असं ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच मी ओंजळीने देत होते.

आणि ती ब्राह्मी नव्हतीच, निदान ज्या ब्राह्मीवर सगळा अभ्यास झालाय ती नव्हती. गोल, कडेला कातरल्यासारखं, बेडकाच्या पावलासारखं पान असतं ती मंडूकपर्णी, शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. दुसरी ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मॉनिएरी, पाणथळ जागी जमिनीसरपट वाढते, छोटी जाडसर रसाळ पानं, पांढरी-फिकट जांभळी फुलं, हिंदीत जलनीम म्हणतात. दोन वेगळ्या कुळांतल्या, रसायनंही वेगळी. चरकसंहितेत बुद्धीसाठीची म्हणून चार मेध्य रसायनं सांगितली आहेत, मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा. म्हणजे त्या चारांत गोल पानवाली आहे, ब्राह्मी नावाने नाही. आणि शंखपुष्पीचंही तेच, देशात कुठे एक वेल शंखपुष्पी म्हणून विकतात, कुठे विष्णुक्रांता, दक्षिणेत तर गोकर्णालाच म्हणतात. मी कितीतरी वर्षं मुलांना सांगत आले की शास्त्रीय नाव पाठ करा, आणि आपल्या घरातल्या कुंडीचं नाव कधी तपासलं नाही.

बॅकोपावर आपल्याकडे खूप काम झालंय हे वाचून मला खरंच अभिमान वाटला. लखनौची सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूट, १९५१ मध्ये सुरू झालेली, तिथल्या लोकांनी या वनस्पतीतली बॅकोसाइड नावाची द्रव्यं वेगळी काढली, साठच्या दशकापासून हे काम चाललंय. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे नेमकं काय हेही मला तेव्हा नीट उमगलं. वाळवलेली वनस्पती अल्कोहोल आणि पाण्यात भिजवायची, गाळायचं, मग ते द्रव उडवून टाकायचं, राहतो तो घट्ट भाग वाळवून त्याची पूड. दूध आटवून मावा करतो ना तसं. आणि मग मोजायचं की या पुडीत बॅकोसाइड किती टक्के आहेत, कारण कुंडीतल्या झाडात ते उन्हाळ्यात वेगळं, पावसाळ्यात वेगळं, पानात वेगळं, देठात वेगळं. त्यामुळे कॅप्सूलवर लिहिलेलं ३०० मिलिग्रॅम एक्स्ट्रॅक्ट आणि घरचं ३०० मिलिग्रॅम चूर्ण हे एक नाही, लिटरभर दूध आणि लिटरभर मावा एक नाही तसं. मला एकदम आईंचे वळसे आठवले. प्रयोगशाळेतली माणसं मशीन लावून जे करतायत तेच, ठरलेलं माप, रोज तेवढंच, माणूस बघून.

मग माणसांवरचे प्रयोग वाचले. ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये एक झाला होता, ४० ते ६५ वयाच्या लोकांवर, तीन महिने, निम्म्यांना ब्राह्मी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. त्यात असं दिसलं की ब्राह्मीवाले नवीन गोष्ट काही जास्त भराभर शिकले नाहीत, पण शिकलेलं विसरण्याचं प्रमाण कमी झालं. हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. २००८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला ६५ च्या पुढच्या ५४ जणांवर बारा आठवडे, रोज ३०० मिलिग्रॅम, तिथेही ऐकलेले शब्द नंतर आठवण्यात फरक दिसला. आणि पोट बिघडल्याच्या तक्रारीही अशा अभ्यासांत वाचायला मिळतात, म्हणजे अशा झाडपाल्याने पोट हलतं हे काही माझ्याच घरचं नव्हतं. २०१४ मध्ये अशा नऊ अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तर एकूण माणसं किती, ५१८. आमच्या शाळेच्या एका शिफ्टमध्ये याहून जास्त मुलं आहेत.

म्हणजे ब्राह्मीत काही नाही असं मी म्हणत नाही, उलट काहीतरी आहे असंच वाटतं. पण हे सगळे लोक धडधाकट होते, किंवा वयाने थोडं विसरायला लागलेले, आणि सगळं काही आठवड्यांचं. ब्राह्मीने अल्झायमर थांबला असं दाखवणारा भक्कम प्रयोग मला सापडला नाही आणि मी फार मनापासून शोधत होते.

जिंकोने तर मला रडवलं. नणंदेच्या कॅप्सूलमध्ये ब्राह्मीबरोबर जिंको होतं, चीनचं फार प्राचीन झाड, पंख्यासारखी पानं. त्याच्या एक्स्ट्रॅक्टवर अमेरिकेत जेवढी मोठी परीक्षा झाली तेवढी क्वचितच कुठल्या स्मरणशक्तीच्या वनस्पतीची झाली असेल. ७५ च्या पुढचे ३०६९ लोक, निम्म्यांना रोज २४० मिलिग्रॅम, साधारण सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, २००८ मध्ये निकाल आला. खोटी गोळी घेणाऱ्यांत २४६ जणांना डिमेन्शिया झाला, म्हणजे अल्झायमर किंवा तसाच स्मृती-बुद्धी ढासळण्याचा आजार. जिंको घेणाऱ्यांत २७७. फ्रान्समध्येही २८५४ जणांवर पाच वर्षं केलं, २०१२ मध्ये तेच उत्तर, टळत नाही. मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ अंधारात बसून राहिले, कारण सहा वर्षं रोज दोनदा गोळी घेणारी ती तीन हजार माणसं म्हणजे कोणाचे तरी आई-वडील होते, आणि त्यांनीही आपल्यासारखीच आशा धरली असणार. आणि हो, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जिंकोने रक्तस्राव वाढायची भीती असते, आईंना ती गोळी आहे. नणंदेला फोन करून सांगितलं, ती जरा दुखावली, मग म्हणाली वहिनी तूच बघ आता सगळं.

वनस्पतींपासून या आजाराची खरीखुरी औषधं आलेली आहेत, हे मात्र फार लोकांना माहीत नसतं. इथे मला थोडं शिकवायचंय. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्यासाठी जी रसायनं लागतात त्यातलं एक ॲसिटिलकोलीन, नवीन आठवण नोंदवायला ते फार महत्त्वाचं, आणि अल्झायमरमध्ये ते बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. आता युरोपात बर्फ वितळताना उगवणारं एक पांढरं फूल आहे, स्नोड्रॉप. त्याच्या कंदातून गॅलँटामीन मिळालं, बल्गेरियात १९५० च्या दशकात त्याचं औषध केलं, आधी पोलिओनंतरच्या अशक्तपणासाठी वापरायचे, आणि २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मान्यता मिळाली. ते काय करतं, तर ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला आवरतं, म्हणजे जेवढं उरलंय तेवढं जास्त वेळ पुरतं. रिवास्टिग्मीन नावाचं दुसरं औषध ज्या रेणूवरून बनवलं तो पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलबार बीन नावाच्या विषारी घेवड्यातला, आरोपीला तो खायला घालून न्याय करायचे तिथे. आईंना जी गोळी दिलीये, डोनेपेझिल, ती प्रयोगशाळेत बनलेली, पण काम हेच. ही औषधंही आजार थांबवत नाहीत. थोडे दिवस, थोडी मदत. डॉक्टरांनी हे आम्हाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी ब्राह्मीचाही विचारपूर्वक नकार दिला, दोन्हीचं काम एकाच दिशेने होऊ शकतं, मग पोट आणि हृदयाचे ठोके दोन्हीवर ताण, म्हणाले.

आणि याच्या बरोबर उलट काम करणारी वनस्पती आपल्या अंगणात असते. महाशिवरात्रीला आपण महादेवाला जो धोत्रा वाहतो, त्यात ॲट्रोपीन आणि हायोसीन असतं, ते ॲसिटिलकोलीनला त्याच्या जागेवर बसूच देत नाही. म्हणून धोत्र्याचं बी पोटात गेलेला माणूस बरळतो, कोणाला ओळखत नाही, शुद्धीवर आल्यावर मधलं काही आठवत नाही. मी हे वर्गात दर वर्षी शिकवते.

तर डॉक्टरांनी आईंच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. बीपीची, शुगरची, रक्ताची, आणि सर्दीच्या गोळ्यांच्या चार स्ट्रिप्स. "या कोण घेतं?" आई म्हणाल्या मी, रोज रात्री, नाक चोंदलेलं असतं ना, वासच येत नाही. त्या साध्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळीत क्लोरफेनिरामीन होतं, आणि हे जे जुन्या पठडीतले ॲलर्जीचे घटक आहेत त्यांचा थोडा गुण धोत्र्याच्याच बाजूचा असतो, ॲसिटिलकोलीनला अडवणारा. तरुण माणसाला नुसती झोप येते, म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो. म्हणजे वास गेला आजाराने, त्यांना वाटलं सर्दी झालीये, सर्दीची गोळी घेतली, आणि त्या गोळीने विसरणं आणखी वाढवलं, वर्षभर, रोज रात्री, आमच्या डोळ्यांसमोर. मी अकरावीला ॲसिटिलकोलीन शिकवते आणि माझ्या घरातल्या ड्रॉवरमध्ये हे चाललं होतं.

ती गोळी बंद केली. बी-१२ तपासलं, फार कमी निघालं, आम्ही शाकाहारी आणि शुगरसाठी त्या कितीतरी वर्षं मेटफॉर्मिन घेतायत, त्याने बी-१२ कमी होतं. इंजेक्शनं सुरू झाली. थायरॉइड ठीक होतं. दीड-दोन महिन्यांत आई थोड्या वर आल्या, म्हणजे बऱ्या झाल्या नाहीत, पण दुपारची सुस्ती गेली, वर्तमानपत्र परत मोठ्याने वाचायला लागल्या. काही नवीन देण्याच्या आधी जे चाललंय ते तपासायचं असतं हे मी कोणालाही हात जोडून सांगेन. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे असा अंदाज आहे, ८८ लाख माणसं होतात ती, आणि यातल्या किती घरांत गोळ्यांची पिशवी कोणी ओतून बघितली असेल.

बाकी बाटल्यांचं थोडक्यात. अश्वगंधावर छोटे छोटे अभ्यास आहेत, आशा वाटावी असे, पण यकृताला त्रास झाल्याच्या केसेसही नोंदवलेल्या आहेत, तसंच गुळवेलीचं, कोविडच्या काळात लोक काढे पीत होते तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. हळदीतलं करक्युमिन पोटातून रक्तात फार कमी जातं, मिऱ्याबरोबर जास्त जातं, आमटीत दोन्ही पडतं ते पडू दे. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर बीपी वाढतं, म्हणून चरकाच्या चारांतलं असूनही बीपीवाल्या आईंना मी ज्येष्ठमधाचं रोजचं दूध बंद केलं. कुठल्या कंपनीचा आहे, कोणी तपासलाय हे न कळणारं सिरप मी टाकून दिलं, कारण २००४ मध्ये बोस्टनला दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या ७० औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, आणि शिसं तर मेंदूचंच वैरी.

आणि वेखंड. त्याच्याबद्दल मी सगळ्यात शेवटी वाचलं, टाळत होते बहुतेक. संस्कृतात त्याला वचा म्हणतात, वाचेवरून. आयुर्वेदात बुद्धी आणि वाणीची वनस्पती आहे ती, मुलांना बोलता यावं म्हणून मधातून चाटवायचे, (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये मात्र). म्हणजे त्या दिवशी रामाच्या प्रसादात जी पूड चुकून पडली ती स्मृतीचीच होती. वाचून पोटात कालवलं माझ्या. वेखंडाच्या तेलात बीटा-असरोन नावाचं द्रव्य असतं, आपल्याकडच्या वेखंडात तर भरपूर, उंदरांना ते खूप दिल्यावर गाठी झाल्या म्हणून अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्यात घालायला बंदी आहे. आईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आजेसासूंनी फक्त एवढंच सांगितलं होतं की वेखंड अर्धा वळसा, त्यावर नाही. कोणीतरी, कधीतरी, बाळांकडे बघून बघून तो अर्धा ठरवला असेल. मला या दोन्ही गोष्टींबद्दल सारखाच आदर वाटतो, त्या अर्ध्याबद्दल आणि नंतर त्याचं कारण शोधणाऱ्यांबद्दल. राग येतो तो पूर्वजांचं नाव घेऊन वळसा न मोजता बाटली विकणाऱ्यांचा.

मेंदू जपायला काय होतं याची यादी २०२४ मध्ये लॅन्सेट कमिशनने, म्हणजे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने दिलीये, चौदा गोष्टी, त्या सगळ्या जन्मभर सांभाळल्या तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकेल म्हणतात. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, चालणं, धूर, डोकं आपटणं, एकटेपणा, शिक्षण, नजर. आणि ऐकू न येणं. इथे मी थांबले, कारण आईंना चार-पाच वर्षांपासून कमी ऐकू येतं आणि आम्ही सगळे फक्त मोठ्याने बोलायला लागलो होतो. भजनी मंडळ त्यांनी त्यामुळेच सोडलं होतं, सांगितलं नव्हतं कोणाला. अमेरिकेत ९७७ लोकांवर तीन वर्षं बघितलं कानाच्या मशीनचं, २०२३ मध्ये आलं ते, सगळ्यांत मिळून फरक नाही दिसला, पण ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांची घसरण जवळजवळ निम्मी कमी झाली. आईंची घसरण तर सुरू झालीये, त्यांना याचा किती उपयोग होणार हे त्यावरून सांगता येत नाही. तरी ह्यांना म्हटलं, आपण मशीन घेऊ. महाग आहे. घेतलं.

पहिला महिना आईंनी ते काढून रुमालात गुंडाळून ठेवलं, कुकरची शिट्टी सहन होईना. मग हळूहळू तासभर, दोन तास. आता मंगळवारी मी त्यांना भजनी मंडळात सोडते. अभंग त्यांना पाठ आहेत अजून, मधलं एखादं चरण गळतं, बाजूच्या मावशी उचलतात. गुटीची वही मी लिहून घेतीये, त्या सांगतात मी लिहिते, कधी कधी कालचा आकडा आज वेगळा येतो, मग मी काही बोलत नाही, दोन्ही लिहून ठेवते आणि माझ्या लेकीच्या वेळचं माझं टिपण काढून ताडून बघते. वेखंडाची पूड आता स्वयंपाकघरात नाही, साड्यांच्या कपाटात आहे.

यंदाच्या रामनवमीला सुंठवडा मी केला, आई शेजारी खलबत्ता धरून बसल्या होत्या. सुंठेचा तुकडा मी त्यांच्या नाकाशी नेला, त्यांनी मान हलवली, नाही. मग आतल्या खोलीत देवांजवळ बसून मी गंध उगाळायला घेतलं, पाहुणे यायची वेळ झाली होती, घाईघाईत चाललं होतं माझं, आणि हॉलमधून, दोन दारं पलीकडून आवाज आला.

"अगं, पाणी कमी पडतंय. खोड कोरडं घासतेस."